वार्षिक परीक्षा, बक्षीस आणि पुण्याचे तीन हजार साक्षीदार

🧵 थ्रेड

दिनांक १२ फेब्रुवारी १८५३. पुण्यात पूना कॉलेजच्या आवारात गर्दी लोटली आहे. आत जागा उरलेली नाही, तरी बाहेर माणसे थांबून आहेत. तीन हजारांहून अधिक लोक जमले होते, असे त्या दिवसाचे वर्णन आढळते. निमित्त ना लग्नाचे, ना यात्रेचे. २३७ मुलींची वार्षिक परीक्षा होती.

सध्या शाळाशाळांतून गुणगौरवाचे दिवस आहेत. व्यासपीठ, पाहुणे, ढाल, प्रशस्तिपत्रक, आणि १ मेचे ध्वजवंदन आटोपले की हाती पडणारे निकालपत्रक. हा सोहळा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यालाही इतिहास असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज त्या इतिहासातील एका पानाकडे पाहू. प्रश्न साधा आहे: शाळेतले बक्षीस कुणासाठी असते?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत वार्षिक परीक्षा नव्हतीच. इयत्ता नाहीत, म्हणून वरच्या इयत्तेत जाणे नाही, आणि म्हणून निकालही नाही. मुलगा धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवी, पावकी-निमकी-दिडकी घोकी, मोडी वळण बसवी. हात बसला आणि हिशेब जमू लागला की त्याचे शिक्षण संपले. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होई, हाच काय तो शाळेचा उत्सव.

विद्येचा जाहीर सन्मान मात्र पुण्याला नवा नव्हता. पेशवाईत श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत आणि त्यांना द्रव्य मिळे. तळेगावकर दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात पुढे चालविली व ती वाढत गेली. विद्वत्तेचा आदर हा तिचा हेतू होता. पण त्या रमण्याच्या दारातून कुणी आत यायचे, हे विद्वत्ता तपासण्यापूर्वीच जन्माने ठरलेले असे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिची मर्यादा ५०,००० रुपयांवर आणली. त्या पैशाचा एक भाग ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेला हाच तो वाडा. पुढे १८५१ मध्ये ही पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. त्याचे प्रमुख मेजर टॉमस कँडी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांचा हात होता, तेच हे कँडी. याच सुमारास दक्षिणा निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली.

आता मूळ कथेकडे येऊ.

१८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सारे जाणतो. पण त्यानंतरची चार-पाच वर्षे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जातात. ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत दुसरी आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालू झाल्या. लहुजी राऊत मांग व राणबा महार यांनी घरोघर जाऊन आपल्या लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले.

ज्या शाळेत मुलींना पाठवणेच अधर्म मानले जाई, त्या शाळेने आपली परीक्षा चार भिंतींआड उरकली असती तर कुणी दोष दिला नसता. उलट तेच शहाणपणाचे मानले गेले असते. जोतीरावांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके विरुद्ध केले. १७ फेब्रुवारी १८५२ रोजी परीक्षा जाहीरपणे झाली आणि पुढल्या वर्षी तर पूना कॉलेजच्या आवारात, सगळ्या शहरासमोर.

जाहीर परीक्षा ही त्या काळच्या सरकारी व मिशनरी शाळांतली रीतच होती. प्रतिष्ठित पाहुणे बसत, मुलांना उभे करून वाचायला लावीत, प्रश्न विचारीत आणि शेवटी बक्षिसे वाटीत. आजच्या लेखी परीक्षेहून हा प्रकार फार निराळा. इथे मुलगी एकटी उभी राहते, आवाज तिचा स्वतःचा असतो, आणि चुकली तर ती सर्वांदेखत चुकते. पण तिच्याबरोबर शाळेचीही परीक्षा होते. मुलींना शिकवता येत नाही, शिकवले तर अनर्थ होतो, असे म्हणणाऱ्याला समोरच एक मुलगी पुस्तक वाचताना दिसली की त्याचे निम्मे म्हणणे तिथेच संपते.

१८५३ च्या त्या गर्दीतला प्रत्येक जण कौतुकानेच आला असेल, असे मानण्याचे कारण नाही. नवल पाहायला आलेले असतील, नावे ठेवायला आलेले असतील. पण आले. सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण-दगड फेकले गेले, ते याच शहरात आणि याच काळात. त्याच शहराला जागेवर बसवून मुलींचे वाचन ऐकायला लावणे हा त्या वार्षिक परीक्षेचा खरा निकाल होता, असे मला वाटते.

मधल्या काळातील एक वृत्त पाहा. २९ मे १८५२ च्या ‘पूना ऑब्झर्व्हर’मध्ये छापून आले की जोतीरावांच्या शाळेतील मुलींची संख्या सरकारी शाळांतील मुलांच्या दसपट आहे, मुलींना शिकवण्याची तेथील पद्धत सरस आहे, आणि हे असेच चालले तर येत्या परीक्षेत या मुली मुलांना मागे टाकतील व सरकारी शिक्षण मंडळाला मान खाली घालावी लागेल.

हा मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतो. पण थोडा हिशेब करा. पुढल्या फेब्रुवारीत परीक्षेला मुली होत्या २३७. ही संख्या दसपट धरली तर पुण्यातील सरकारी शाळांत मुले उरतात जेमतेम चोवीस! हे पटण्याजोगे नाही. वर्तमानपत्राचा उत्साह समजून घ्यावा, आकडा मात्र जपून वापरावा. जोतीरावांचे काम मोठे ठरायला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. ज्या शहरात मुलींची संख्या शून्य धरली जात होती, तिथे २३७ हा आकडा पुरेसा बोलका आहे.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. स्थळ विश्रामबागवाडा. मेजर कँडींच्या हस्ते शालजोडी. आणि त्यांच्या शाळांना दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळू लागले, ते दक्षिणा निधीतून. रमण्यातल्या श्रावणी दक्षिणेचा तो ओघ, निदान त्याचा एक बारीक पाट, आता मुलींच्या शाळेच्या अंगणात पोहोचला होता. शहरातल्या सनातनी मंडळींना याचा संताप का आला असेल, ते सांगायला नकोच.

आता एका लाडक्या आख्यायिकेविषयी.

बक्षीस समारंभात मेजर कँडींनी एका मुलीला, बहुधा मुक्ता साळवेला, चॉकलेट दिले आणि ती ताडकन म्हणाली की चॉकलेट नको, ग्रंथालय द्या. ही गोष्ट तुम्ही वाचली असेल, पुढेही पाठवली असेल. तिची रूपे अनेक: कुठे खेळणी, कुठे खाऊ, कुठे चॉकलेट. त्यातले चॉकलेट तरी सोडून द्यावे. इंग्लंडात फ्राय कंपनीने साच्यातली चॉकलेटची वडी बनवली तीच १८४७ मध्ये. दुधाचे चॉकलेट तर १८७५ चे. चॉकलेट हा मुलांचा खाऊ होण्याच्या कितीतरी आधीचा हा काळ आहे. कँडीसाहेबांच्या आडनावानेच या गोष्टीत गोडी भरली असावी, असा मला दाट संशय आहे.

पण मुक्ताला या गोष्टीची गरजच नाही. तिने स्वतः लिहून ठेवले आहे.

‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे नियतकालिक, १८४२ साली अहमदनगरहून सुरू झालेले. त्याच्या १५ फेब्रुवारी १८५५ आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयीं’ हा निबंध छापून आला. लेखिका मुक्ता, मांग समाजातली, वय १४, जोतीरावांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली. म्हणजे शहर परीक्षा पाहायला लोटत होते त्या सुमारास ही मुलगी नुकतीच अक्षरे गिरवू लागली होती.

शाळकरी निबंधाची आपली कल्पना आठवा आणि मग या निबंधात काय आहे ते पाहा. ती तर्काने सुरुवात करते. वेद ब्राह्मणांचेच असतील, आम्हाला ते वाचण्याचा अधिकार नसेल, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. आणि पुस्तक नाही तर आमचा धर्म कोणता? चौदा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न भल्याभल्या शास्त्र्यांना अडचणीत टाकणारा होता.

मग ती ऐकलेला इतिहास सांगते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याचे काय केले जाई, ते ती लिहिते. मी इथे ते शब्द उतरवत नाही, निबंध मिळवून वाचा. त्यानंतर तिची लेखणी अगदी घराजवळ येते. अंगावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायका. उच्च जातीच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी तक्रार न करणारी मुले, कारण त्यांच्याच दारी उरलेसुरले अन्न मागायला जायचे असते. ही माहिती तिला कोणत्याही पुस्तकाने दिलेली नव्हती. शाळेने दिली ती फक्त अक्षरे. आणि शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळून त्यांना अभ्यास करायला सांगते. विद्या हेच तिच्या लेखी या दुखण्यावरचे औषध.

शाळेच्या त्या वर्षीच्या अहवालात याहून मोठी नोंद कोणती असू शकली असती?

पुढे काय झाले ते थोडक्यात. १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणग्या आटल्या, मतभेद वाढले, आणि १८५८ च्या सुमारास जोतीराव शाळांच्या व्यवस्थापनातून बाजूला झाले. सरकारचे शिक्षण खाते १८५५ मध्येच उभे राहिले होते. साठीच्या दशकात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली: जितकी मुले परीक्षेत उत्तीर्ण, तितका पैसा. वार्षिक परीक्षेला शहराने जमण्याची गरज आता राहिली नव्हती. निरीक्षक येई, पट तपासी, आकडे भरी.

या साऱ्यावर जोतीरावांचे मत काय होते? ते नोंदलेले आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन सादर केले. निबंधाचा विषय बक्षीस असता तर त्याला याहून चांगला मजकूर मिळाला नसता.

ते सांगतात की निकालावर अनुदान ही पद्धत गरीब व शिक्षणापासून दूर राहिलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला मुळीच योग्य नाही. त्या लोकांत विद्येची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही. अशा वस्तीत पोटाला न पुरणारी शाळा स्वतःच्या हिमतीवर कोणता शिक्षक काढील? म्हणून तिथे सरकारनेच शाळा काढाव्यात. आणि मुलांना ओढून आणण्यासाठी काय करावे? शिष्यवृत्त्या द्याव्यात, आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत.

शिष्यवृत्त्यांविषयी तर ते आणखी एक पाऊल पुढे जातात. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसते, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्यांना विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच सगळे मिळते. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही त्यांच्यासाठी राखाव्यात. गुणवत्तेवरचा जो वाद आपण आज हिरिरीने घालतो, त्यातला कळीचा मुद्दा १८८२ साली शालेय बक्षिसांच्या संदर्भात लिहून झालेला आहे.

हे केवळ तत्त्वज्ञान नव्हते, अनुभव होता. पहिल्या पाटीपर्यंत मूल आणायला काय करावे लागते, हे त्यांनी पेठापेठांतून पाहिले होते. त्यांच्या दृष्टीने बक्षीस ही धावण्याच्या शर्यतीतल्या पहिल्याची कमाई नव्हती. जो अजून मैदानात आलाच नाही, त्याला दिलेली ती हाक होती.

याच निवेदनात ते सांगतात की मुलींच्या शाळेत मी व माझी पत्नी अशा दोघांनी मिळून पुष्कळ वर्षे काम केले. सरकारी आयोगापुढच्या कागदात, १८८२ साली, पत्नीच्या कामाचा असा बरोबरीने उल्लेख. निवेदनावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२. आणि सही करताना त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे ती अशी: व्यापारी, शेतकरी व नगरपालिकेचे सभासद, पेठ जुना गंज, पुणे. विश्रामबागवाड्यातल्या शालजोडीचा त्यात उल्लेख नाही.