हाक पोचलेल्यांचा इतिहास

मराठीत ‘शोध’ हा शब्द दोन कामे करतो. अज्ञाताचा शोध लावला जातो आणि हरवलेल्याचा शोध घेतला जातो. ‘इटालिया’ ही वायुनौका मे १९२८मध्ये पहिल्या अर्थाने उत्तर ध्रुवाकडे निघाली आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत दुसऱ्या अर्थाचा विषय होऊन बसली.

सातारा-सांगलीच्या वाचकाला ही कथा फार दूरची वाटेल. परंतु त्याच काळात इंग्लंडहून येणाऱ्या वायुनौकेसाठी कराचीत एक अवाढव्य शेड उभारली गेली होती, आणि कराची तेव्हा आपल्या साताऱ्याप्रमाणेच मुंबई इलाख्यात होती (सांगली मात्र संस्थान). कराचीकडे निघालेली ‘आर १०१’ ही वायुनौका ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली आणि ४८ माणसे गेली. वायूने भरलेल्या त्या पोकळ स्वप्नाचे एक टोक आपल्या इलाख्यात होते, एवढे ध्यानात ठेवून उत्तरेकडे वळू.

उंबेर्तो नोबिले यांच्या नेतृत्वाखाली सोळा माणसे आणि तितिना नावाची एक कुत्री २३ मे रोजी स्पिट्सबर्गनहून निघाली. मध्यरात्रीनंतर ध्रुव गाठला. वाऱ्यामुळे उतरता आले नाही. परतीच्या वाटेवर २५ मेच्या सकाळी नौका बर्फावर आदळली. खालची खोली फुटून दहाजण बाहेर फेकले गेले. त्यांतला पोमेल्ला जागीच गेला. भार हलका झालेला वायूचा फुगा मात्र उरलेल्या सहाजणांना घेऊन पुन्हा आकाशात चढला. त्यांच्यातला तंत्रज्ञ अर्दुइनो हाताला लागेल ते सामान खाली टाकत राहिला, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे. त्या सामानावर खालचे जगले. वरचे पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

खालच्यांच्या हाती एक लहान बिनतारी संच लागला. बियाजी त्यावरून दिवसेंदिवस संदेश पाठवत होता. जवळच उभे असलेले मोहिमेचे जहाज ‘चित्ता दि मिलानो’ ते ऐकत नव्हते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून दूरवर उतरतात आणि मधला टापू ओलांडून जातात, हे एक कारण. आणि आता कुणी जिवंत नसेल ही समजूत, हे दुसरे. अखेर ३ जून रोजी रशियाच्या एका खेड्यात निकोलाय श्मिट या हौशी तरुणाने हाक टिपली. शास्त्राचे कारण खरे असले, तरी दुसरे कारण आम्हाला अधिक अस्वस्थ करते. मेलेल्यांची हाक कोण ऐकत बसेल?

मग मात्र इटली, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, फ्रान्स, सोव्हिएत रशिया असे सारे धावले. फॅसिस्ट राजवटीची माणसे सोडवायला बोल्शेविकांची ‘क्रासिन’ ही बर्फ फोडणारी आगबोट गेली, हा इतिहासाचा विनोदच. नोबिलेशी उघड वैर असलेला रोआल्ड अमुंडसेनही १८ जून रोजी ‘लाथाम’ विमानातून निघाला आणि पाच सोबत्यांसह बेपत्ता झाला. स्वीडिश वैमानिक लुंडबोर्गने प्रथम नोबिलेंनाच उचलले; दुसऱ्या फेरीत त्याचे विमान उलटले आणि तो स्वतःच बर्फावर अडकला. नायकाने आधी बाहेर पडावे का, या प्रश्नावर इटलीत नोबिलेंना जाळून काढले गेले. त्यांचा पाय मोडलेला होता आणि लुंडबोर्गने आग्रह धरला होता, हे टीकाकारांनी सोयीस्करपणे दूर ठेवले, असे आमचे मत आहे.

पायी मदत आणायला निघालेल्या तिघांपैकी स्वीडिश हवामानतज्ज्ञ माल्मग्रेन वाटेतच राहिला. थकून त्यानेच मागे सोडण्यास सांगितले, असे सोबत्यांनी सांगितले. मारियानो आणि त्सापी यांना ‘क्रासिन’ने १२ जुलै रोजी उचलले. त्याच दिवशी लाल तंबूतले उरलेले पाचही सुटले.

पुढे चित्रपट निघाला, आठवणी छापल्या गेल्या. त्या सगळ्यांत केंद्र लाल तंबूचे, कारण बिनतारी संच तिथे होता. कृष्णेचा २०१९चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको: बोट कुठे वळणार, हे हाक कुठून आली त्यावर ठरते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी चरित्रे व आत्मकथने वाचतानाही हे ताडून पाहावे. कथन करणारा जिवंत असतो, म्हणूनच त्याच्या बाजूला इतका प्रकाश पडतो.

फुग्यासोबत गेलेले सहा: अर्दुइनो, भौतिकशास्त्रज्ञ पोन्त्रेमोली, पत्रकार लागो, आणि अलेस्सान्द्रिनी, कारात्ती, चिओक्का. अपघातानंतर काही वेळाने क्षितिजावर धुराचा एक स्तंभ उठलेला खालच्यांनी पाहिला. ‘क्रासिन’ दुरुस्तीनंतर पुन्हा शोधाला गेली; काहीच सापडले नाही. अमुंडसेनच्या विमानाचा एक तरंगता भाग ३१ ऑगस्ट १९२८ रोजी हाती आला होता, आणि २००९मध्ये नॉर्वेच्या नौदलाने त्यासाठी समुद्रतळही धुंडाळला. विमान मिळाले नाही.