केसांच्या प्रकारानुसार ब्रशची निवड

केस गळू लागले की प्रथम तेल बदलले जाते, नंतर शाम्पू. हातातील ब्रशकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वास्तविक दररोज साधारणतः ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक मानले जाते. ब्रशमध्ये अडकलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ असेल, तर तो मुळापासून गळलेला असतो. अशी गाठ नसलेले आखूड तुकडे दिसत असतील, तर केस गळत नसून तुटत आहेत असे समजावे. अशा वेळी औषधापेक्षा ब्रश व विंचरण्याची पद्धत बदलणे अधिक हितावह ठरते.

केस का तुटतात?

केस केराटिन या प्रथिनापासून बनलेला असतो आणि त्यावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. टोकदार दाते, जोराचा ताण व वारंवार होणारे घर्षण यांमुळे हे आवरण झिजते आणि केसांना फाटे फुटतात. ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. त्यामुळे न्हाल्यानंतर लगेच ब्रश फिरवणे टाळावे.

कोणत्या केसांना कोणता ब्रश?

सरळ व मध्यम दाट केस : रबरी गादीवर दाते बसवलेला रुंद, चपटा ब्रश उपयुक्त असतो. गादी दबत असल्याने टाळूवर व केसांवर ताण कमी येतो. लंडनमध्ये मेसन पिअर्सन यांनी १८८५ साली अशा रबरी गादीच्या ब्रशला रूप दिले.

बारीक व विरळ केस : मऊ तंतूंचा ब्रश निवडावा. रानडुकराच्या केसांपासून बनवलेले ब्रश टाळूवरील नैसर्गिक तेल टोकांपर्यंत पसरवतात. प्राणिज वस्तू वर्ज्य असणाऱ्यांना मऊ नायलॉनचे ब्रश उपलब्ध आहेत. मात्र असे ब्रश गुंता सोडवण्यासाठी वापरू नयेत.

कुरळे केस : विरळ दातांचा कंगवा सर्वांत योग्य. कोरडे कुरळे केस विंचरल्यास ते विस्कटतात व तुटतात. म्हणून कंडिशनर लावून, केस दमट असतानाच ते विंचरावेत. ओल्या केसांविषयीच्या नियमाला हा अपवाद आहे.

लांब व दाट केस : प्रथम बोटांनी, मग विरळ दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा आणि शेवटी ब्रश फिरवावा.

केशरचनेसाठी

ड्रायरने केस वाळवताना आरपार छिद्रे असलेला ब्रश हवा खेळती ठेवतो. केसांना वळण देण्यासाठी गोल ब्रश वापरतात. त्याचा व्यास जितका लहान, तितके वळण घट्ट. धातूचा गाभा असलेला गोल ब्रश ड्रायरच्या उष्णतेने तापतो. त्यामुळे तो एकाच जागी फार वेळ धरू नये. भांग पाडण्यासाठी शेपटीचा कंगवा सोयीचा असतो. पारंपरिक फणीचे काम उवा व लिखा काढण्याचे. तिने रोज गुंता सोडवणे म्हणजे केस तोडणेच होय.

खरेदी करताना

दात्यांची टोके गोलाकार आहेत का, हे हाताच्या तळव्यावर ब्रश हलकेच दाबून पाहावे. टोचणारा ब्रश घेऊ नये. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याच्या दात्यांवर धारदार कड राहिलेली असू शकते. ती बोट फिरवल्यास जाणवते. टोकावरील गोळी निघून गेलेला वा दाते वाकलेला ब्रश बदलणेच इष्ट.

वापर व स्वच्छता

विंचरण्यास टोकांकडून आरंभ करून हळूहळू मुळांकडे जावे. दररोज शंभर वेळा ब्रश फिरवल्याने केस वाढतात, ही समजूत चुकीची आहे. अति विंचरण्याने हानीच होते.

ब्रशमधील केस रोज काढावेत आणि आठवड्यातून एकदा तो कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, दाते खाली करून वाळवावा. लाकडी ब्रश पाण्यात भिजत ठेवू नये. स्वच्छतेचा हा प्रश्न जुनाच आहे : अमेरिकेतील लायडा न्यूमन यांना सहज साफ करता येणाऱ्या ब्रशसाठी १८९८ साली पेटंट मिळाले होते.

घरात कोणाला उवा झाल्यास कंगवे व ब्रश किमान ५४ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे ठेवावेत. प्रत्येकाचा ब्रश स्वतंत्र असणे केव्हाही चांगले. ब्रश बदलूनही केस मुळापासून मोठ्या प्रमाणात गळत असतील किंवा टाळूवर चट्टे दिसत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.