वेळापत्रक, वेग आणि चालक : वऱ्हाडच्या रस्त्यावरील एक न मिटलेला वाद

मोटार येण्यापूर्वी मालकाची नोकराविषयीची तक्रार संथपणाची असे. टपालाची थैली घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याबरोबर वेळेच्या नोंदीचा एक कागद जाई. टप्प्याटप्प्यावर त्यावर पोहोचण्याची वेळ लिहिली जाई आणि उशीर दिसला की जाब विचारला जाई. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वाटेवरची अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावेही स्थानकातल्या घड्याळाशी बांधली गेली. नोकर फार वेगाने जातो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी, ही कल्पना प्रामुख्याने मोटारयुगातली. जुनी तक्रार मात्र तिच्यामुळे नाहीशी झाली नाही. उशीर केला म्हणून आणि घाई केली म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी जाब देणारा नोकर या काळाने घडवला. वऱ्हाडात त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे एसटीचा चालक.

मुंबई राज्यातील पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि अमरावती व अकोला हे एसटीचे विभाग झाले. तेव्हापासून परतवाडा, धारणी, दर्यापूर, अकोट या गावांचा दिवस एसटीच्या फेऱ्यांनी मोजला गेला. फेरीची वेळ कागदावर ठरते. ती पाळायची असते काळ्या मातीवरच्या रस्त्यावर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डांबराला स्वस्थ बसू देत नाही. त्यात ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ यासारखी प्रवाशांच्या सोयीची योजना आली. तिने थांबे वाढले, पण थांब्यांत गेलेली मिनिटे भरून काढायची कोणी आणि कशी, हा प्रश्न अखेर चालकाच्या पायाखालच्या पट्टीवरच येऊन ठेपला.

या प्रश्नाचे भान कायद्याला फार पूर्वीपासून होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात असलेली आणि १९८८ च्या कायद्यात कलम १८३ मध्ये कायम राहिलेली एक तरतूद मुद्दाम वाचण्याजोगी आहे. एखादे वेळापत्रक प्रसिद्ध केले, किंवा अमुक वेळात पोहोचा असा आदेश दिला, आणि वेगमर्यादा न मोडता तेवढ्या वेळात तो प्रवास होणे व्यवहार्य नाही असे न्यायालयाला दिसले, तर ते वेळापत्रक किंवा तो आदेश हाच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. वेगाचा अपराध गाडीत जसा घडतो तसा कचेरीतल्या टेबलावरही घडू शकतो, हे येथे कायद्याने मान्य केले आहे. दंडाच्या आकड्यांत मात्र तराजू कललेला होता. १९८८ च्या मूळ कायद्यात पहिल्या अपराधासाठी वेगाने चालवणाऱ्याला ४०० रुपयांपर्यंत, तर चालवायला लावणाऱ्या मालकाला ३०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने दोघांना एकाच पोटकलमात आणून ही तफावत दूर केली.

त्याच कलमात आणखी एक शहाणपण आहे. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाचा दोष सिद्ध होत नाही. तो अंदाज यंत्राच्या मोजमापावर आधारलेला असावा लागतो. १९९८ मध्ये कर्नाटकातील एका ट्रकचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ‘अतिवेग’ हा सापेक्ष शब्द आहे आणि तेवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही. परंतु खात्याच्या चौकशीत पुराव्याचे माप वेगळे. तेथे संशयापलीकडची सिद्धता लागत नाही, संभाव्यतेचे पारडे झुकले तरी पुरते. तमिळनाडूतील चोलन रोडवेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची परिस्थितीच बोलकी असल्याचे मानून चालकाची बडतर्फी ग्राह्य धरली. आरोपपत्र, निलंबन, चौकशी, शिक्षा या पायऱ्या एसटीच्या चालकाला पाठ असतात, आणि त्या पायऱ्यांवर फौजदारी न्यायालयातले संरक्षण त्याच्याबरोबर येत नाही.

अपघातानंतर तर एक विलक्षण दृश्य दिसते. नुकसानभरपाईच्या दाव्यात परिवहन संस्था मालक म्हणून प्रतिवादी असते, आणि चालकाचा निष्काळजीपणा नव्हता असा बचाव ती घेऊ शकते. त्याच अपघाताबद्दल त्याच चालकावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणारे आरोपपत्रही तीच संस्था देऊ शकते. एकाच घटनेची दोन कथने, दोन्हींचा निवेदक एक, फक्त श्रोता वेगळा. निवेदकाच्या विश्वासार्हतेविषयी वर्गात बोलणाऱ्या आपल्या मंडळींना याहून चांगले उदाहरण शोधावे लागू नये.

यंत्रे येण्यापूर्वी वेगावरची नजर आडवाटेने ठेवली जाई. वाहतूक नियंत्रकाने केलेली वेळेची नोंद, वाटेत गाडी अडवणारे तपासणी पथक आणि डिझेलचा हिशेब ही तिची साधने. गाडीने डिझेल जास्त खाल्ले की चालकाच्या पायाविषयी शंका येई. पुढे इंजिनाचा वेग बांधणारे ‘स्पीड लॉक’ आले. ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घालणारे वेगनियंत्रक केंद्रीय नियमांनी सक्तीचे केले. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना उपग्रहाद्वारे स्थान कळवणारे यंत्रही लागू झाले. आता गाडी कोठे, किती वेगाने गेली, हे कचेरीत बसून दिसते.

रस्ताही बदलला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका मार्गिकेचा सलग ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम नोंदवला गेला. ज्या रस्त्याच्या बांधणीचाच गौरव वेगाने झाला, त्याच रस्त्यावर चालकाला वेगाबद्दल जाब द्यायचा आहे. यात वावगे काही नाही. चांगल्या रस्त्यावर संयम अधिकच हवा. प्रवाशाचा जीव चालकाच्या हाती असतो, आणि बेफाम चालवणाऱ्याला शिक्षा होऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

युरोपीय समुदायाने १९७० मध्ये वेग व कामाचे तास नोंदवणारे यंत्र मालट्रकांत सक्तीचे करण्याचे ठरवले, तेव्हा ब्रिटनमधील चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हटले. त्यांचा राग समजण्याजोगा होता. पण हेराचा अहवाल कोणाच्या हाती पडतो, यावर त्याचे इमान ठरते. तेच यंत्र चालकाला किती तास राबवले, हेही सांगत होते. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि लांब पल्ल्याच्या फेरीसाठी फार तर १० तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली होती. उपग्रहाची नोंद वेगाइतकीच या तासांचीही साक्ष देऊ शकते. गाडी कोठे ८० वर गेली हे ती दाखवते; तशीच फाटकावर, खड्ड्यांत, बाजाराच्या गर्दीत किती मिनिटे गेली हेही दाखवते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की ही नोंद वेळापत्रकाच्या शेजारी ठेवून वाचली जावी आणि चौकशीला उभ्या राहणाऱ्या चालकाच्या हातीही ती पूर्ण पडावी. ज्या फेरीत वेगवेगळे चालक पुन्हा पुन्हा मर्यादा ओलांडताना दिसतात, त्या फेरीत दोष चालकाचा मानण्यापूर्वी तिची वेळ ठरवणाऱ्याला विचारणा व्हावी. हरकाऱ्याच्या कागदावर फक्त त्याचाच उशीर लिहिलेला असे, तो कागद काढणाऱ्याची चूक लिहायला तेथे रकाना नव्हता. कायद्याने तो रकाना १९३९ मध्येच आखला आहे. तो भरण्याची साधने आता हाताशी आहेत.