नाट्यगृहाचें दार

नाट्यकलेचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार नटांविषयीं लिहितात, नाटककारांविषयीं लिहितात, पडदे रंगविणाऱ्या चिताऱ्यांविषयीं आणि क्वचित् मंडळीच्या मालकांविषयींही लिहितात. परंतु ज्या दारानें प्रेक्षक आंत आला व ज्या दारानें तो सुखरूप घरीं गेला, किंवा गेला नाहीं, त्या दाराचा इतिहास लिहावा असें फारसें कोणास वाटलेलें दिसत नाहीं. विषय सुताराचा आणि लोहाराचा. सरस्वतीच्या दरबारीं त्याला आसन कोठून मिळणार? तथापि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह जळालें, तेव्हां पुष्कळ मराठी घरांतून हळहळ व्यक्त झाली व या उपेक्षित विषयाकडे क्षणभर तरी लक्ष गेलें. शाहू महाराजांनीं १९१५ सालीं 'पॅलेस थिएटर' या नांवानें उभारलेली ती वास्तु, आणि दुसरा दिवस केशवरावांच्या जन्मतिथीचा! नाट्यगृह रिकामें होतें म्हणून कोणाचा प्राण गेला नाहीं. तें भरलेलें असतें तर, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं, आणि त्याचें उत्तर शोधावयाचें तर युरोप-अमेरिकेच्या रंगभूमीचा इतिहास चाळावा लागतो. तेथें ही परीक्षा अनेकदां झाली आहे.

वीज येण्यापूर्वीं रंगभूमीवर प्रकाश पाडावयाचा म्हणजे कांहींतरी जाळावयाचें. प्रथम मेणबत्त्या व तेलाचे दिवे होते; १८१७ सालीं लंडनच्या ड्रुरी लेन व कॉव्हेंट गार्डन या नाट्यगृहांत कोळशाच्या वायूचे दिवे आले; पुढें चुन्याच्या खड्यावर वायूची ज्योत सोडून पाडलेला तो प्रखर शुभ्र झोत आला. या सर्व ज्योतींच्या माथ्यावर रंगविलेल्या कापडाचे शेकडो हात पडदे, दोर आणि लाकडी सांगाडे लोंबत असत. कापड न पेटेल अशी युक्ति ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. गे-लुसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२१ सालींच अमोनियाचे कांहीं क्षार व टांकणखार यांच्या द्रावणांत भिजविलेलें कापड भडकत नाहीं हें दाखवून दिलें होतें, आणि तें संशोधन नाट्यगृहांसाठींच झालें होतें. परंतु तसलें कापड कडक व मळकट दिसे. पॅरिसच्या ऑपेरांतील एमा लिव्ही ही तरुण नर्तकी असला झगा घालण्यास तयार नव्हती. नोव्हेंबर १८६२ मध्यें तालमीच्या वेळीं तिचा झगा दिव्याला लागून पेटला व आठ महिने यातना भोगून ती मरण पावली. वयाची पुरतीं एकवीस वर्षेंही झालीं नव्हतीं.

पडद्याची कथा याहून बोधप्रद आहे. १७९४ सालीं ड्रुरी लेनचें नाट्यगृह नव्यानें बांधलें गेलें, तेव्हां रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्यें सोडतां येईल असा लोखंडी पडदा तेथें बसविण्यांत आला, छपरावर पाण्याचे हौद ठेवण्यांत आले आणि उद्घाटनाच्या दिवशीं त्या व्यवस्थेचें प्रेक्षकांपुढें मोठें कौतुक झालें. २४ फेब्रुवारी १८०९ रोजीं तें नाट्यगृह भस्मसात झालें. त्याचे मालक नाटककार शेरिडन त्या रात्रीं पार्लमेंटांत होते. पुढें समोरच्या खाणावळींत बसून ते ती आग पाहत राहिले, अशी आख्यायिका आहे. मधल्या पंधरा वर्षांत त्या पडद्याची निगा कोणीं राखली नव्हती. उद्घाटनाच्या दिवशीं टाळ्या मिळवून देणारें साधन आणि प्रसंगीं उपयोगी पडणारें साधन हीं दोन्ही दिसावयास एकसारखींच असतात. त्यांतील भेद कळावयास वर्षेंच जावीं लागतात.

आमच्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें व मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ सुरू झाला. त्याच्या पुढच्याच वर्षीं, ८ डिसेंबर १८८१ रोजीं, व्हिएन्ना शहरांतील रिंग थिएटरांत ऑफेनबाखची एक संगीतिका व्हावयाची होती. प्रेक्षक स्थानापन्न होत असतां पडद्यामागें दिवे लावणें चाललें होतें. वायू सुटला, परंतु ज्योत वेळेवर लागली नाहीं. सांठलेला वायू एकदम भडकला आणि वरच्या कापडानें पेट घेतला. तेथें लोखंडी पडदा होता; तो सोडला गेला नाहीं. वायूचा पुरवठा बंद केल्याबरोबर सर्व इमारत अंधारांत बुडाली. अशा वेळेसाठीं जिन्यांवर तेलाचे दिवे टांगलेले होते. ते पेटविलेलेच नव्हते. दारें होतीं, परंतु तीं आंतल्या बाजूस उघडणारीं होतीं, आणि मागून गर्दीचा रेटा आला असतां आंत उघडणारें दार म्हणजे भिंतच. बाहेर उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्यांस आंतून कोणाचा आवाज येईना, म्हणून सर्वजण वांचले असा त्यांचा समज झाला. सरकारी गणतीप्रमाणें ३८४ माणसें आंत मेलेलीं होतीं.

या वृत्तांतांत न ठेवलेलें साधन शोधूं गेल्यास फारसें कांहीं सांपडत नाहीं. जवळजवळ सर्व साधनें होतीं. नव्हता तो त्या त्या साधनाशीं नेमून दिलेला माणूस.

दाराचा प्रश्न आगीवांचूनही प्राणघातक होऊं शकतो हें इंग्लंडांतील सँडरलंड या गांवीं दिसून आलें. १६ जून १८८३ रोजीं तेथील व्हिक्टोरिया हॉलमध्यें मुलांसाठीं जादूचे प्रयोग होते. खेळ संपतांना ठराविक क्रमांकाचें तिकीट असलेल्या मुलांस बक्षीस मिळेल असें जाहीर झालें, आणि खालीं बक्षिसें वांटलीं जात आहेत हें पाहून माडीवरचीं मुलें जिन्याकडे धांवलीं. जिन्याच्या तळाशीं असलेलें दार एकच मूल जाईल एवढी फट ठेवून अडसरानें अडकविलेलें होतें. पुढचीं मुलें पडलीं, मागचीं त्यांच्यावर पडत गेलीं. १८३ मुलें गुदमरून मेलीं. वयें तीन ते चौदा वर्षें. धूर नव्हता, ज्वाला नव्हती, कोणाचा दुष्ट हेतुही नव्हता. एकेक तिकीट नीट पाहतां यावें एवढ्याच व्यवहारी सोयीसाठीं असे दार अडकवितात. तिकिटाचा हिशेब आणि माणसाची वाट यांचें हें जें वैर आहे, तेंच या सर्व इतिहासाचें सूत्र आहे असें मला वाटतें. कुलूप हें बहुधा चुकवून आंत येणाऱ्यासाठीं लाविलेलें असतें. त्यांत अडकतो तो पैसे देऊन आंत बसलेला. या घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्स नांवाच्या गृहस्थानें १८९२ सालीं एका नव्या अडसराचें पेटंट घेतलें. बाहेरून तें दार उघडत नाहीं. आंतून आडव्या दांड्यावर अंगाचा भार पडला कीं अडसर आपोआप सुटतो. तिकीटविक्याचा व प्रेक्षकाचा असा दोघांचाही प्रश्न सोडविणारी इतकी सरळ युक्ति क्वचितच आढळेल.

मध्यंतरीं १८८७ सालीं एक्झिटर येथें १८६ माणसें जळालीं व गुदमरलीं. माडीवरच्या लोकांस उतरावयास पुरेशी वाट नव्हती. ब्रिटनमधील नियम त्यानंतर कडक झाले. इकडे विजेचे दिवेही आले होते. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचे चालक डॉयली कार्ट यांनीं १८८१ च्या डिसेंबरांत रंगमंचावर येऊन पेटता विजेचा दिवा मलमलींत गुंडाळून फोडून दाखविला व मलमल जळली नाहीं हें लोकांस दाखविलें. आतां आगीचें भय संपलें अशी पुष्कळांची समजूत झाली असावी.

ती समजूत शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरनें दूर केली. अग्नीपासून पूर्ण निर्भय अशी त्याची जाहिरात होती. उघडून पांच-सहा आठवडेही झाले नव्हते. ३० डिसेंबर १९०३ रोजीं, नाताळच्या सुट्टींतल्या दुपारच्या खेळास, बहुतेक बायका व मुलें आलेलीं होतीं. विजेच्या झोतदिव्याची ठिणगी पडद्याच्या झालरीस लागली. विझविण्यास भुकटीच्या नळ्या होत्या. उंचावरच्या आगीस त्यांचा उपयोग झाला नाहीं. सुरक्षिततेचा पडदा सोडला, तो वाटेंतच अडकला. रंगमंचाच्या छपरांत धूर बाहेर जाण्यासाठीं झरोके केलेले होते, ते बंद होते. येथें थोडें थांबणें अवश्य आहे. रंगमंचावर आग लागली असतां ती वर जावी, चुलीच्या धुराड्यासारखी वरच्या वाटेनें निघून जावी, हा त्या झरोक्यांचा हेतु. ती वाट बंद झाली व पळणाऱ्या नटांनीं मागचें मोठें दार उघडलें. वारा आंत घुसला आणि अर्धवट लोंबणाऱ्या पडद्याखालून ज्वालेचा लोळ प्रेक्षागृहांत शिरला. दारें पुष्कळ होतीं, पण कांहींवर शोभेचे पडदे सोडलेले, कांहींना कुलुपें, कांहींच्या कड्या अशा नव्या घाटाच्या कीं त्या कशा उघडाव्या हें कोणास कळेना. सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. इमारत मात्र उभीच राहिली. या दृष्टीनें जाहिरात खरी होती! त्या खेळाचें तिकीट असूनही कामामुळें जाऊं न शकलेल्या कार्ल प्रिन्झलर या लोखंडी सामानाच्या विक्रेत्यानें पुढें ड्यूपाँ नांवाच्या अभियंत्याच्या साह्यानें दाबतांच उघडणारा दांडा तयार करविला, आणि १९०८ पासून तो अमेरिकेंत प्रचारांत आला.

याच्या उलट चित्र पाहावयाचें असेल तर एडिंबरोच्या एम्पायर थिएटरांतील ९ मे १९११ ची रात्र पाहावी. 'द ग्रेट लाफायेत' या विख्यात जादूगाराचा खेळ शेवटाकडे आला असतां रंगमंचावरील एक दिवा पेटला. हाही खेळाचाच भाग असावा असें समजून लोक बसूनच राहिले. तेवढ्यांत लोखंडी पडदा खालीं आला व वाद्यवृंदानें राष्ट्रगीत सुरू केलें. राष्ट्रगीत म्हणजे खेळ संपला, आतां उठून घरीं जावयाचें, ही त्या काळच्या प्रेक्षकांच्या अंगवळणीं पडलेली गोष्ट. सुमारें तीन हजार माणसें अडीच मिनिटांच्या आंतबाहेर सुखरूप बाहेर पडलीं. पडद्यामागें मात्र दहा-अकरा जण मृत्युमुखीं पडले व त्यांत स्वतः लाफायेतही होता. आपल्या जादूचीं रहस्यें कोणीं पाहूं नयेत म्हणून त्यानें बाजूचीं दारें बंद करविलीं होतीं असें सांगतात. एकाच इमारतींत, एकाच रात्रीं, पडद्याच्या एका बाजूस अंगवळणीं पडलेली शिस्त व दुसऱ्या बाजूस कुलूप!

हा सर्व जुना व परका इतिहास झाला असें म्हणण्याची सोय आपणांस राहिलेली नाहीं. हरयाणांतील मंडी डबवाली येथें २३ डिसेंबर १९९५ रोजीं शाळेच्या समारंभाच्या मांडवास आग लागली व चारशेंहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळशीं मुलें, प्राणांस मुकलीं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं ५९ जण गेले. तेथें आग तळमजल्यावरच्या रोहित्राची, मृत्यु वरच्या बाल्कनींत धुरानें. ज्यादा खुर्च्या बसवून जाण्याची वाट अडविलेली होती. मुंबईच्या कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर १४ जण गुदमरले. बाहेरची वाट न सांपडून त्यांतील पुष्कळजण स्वच्छतागृहांत शिरले होते. अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथील 'द स्टेशन' नांवाच्या लहानशा संगीतगृहांत २० फेब्रुवारी २००३ रोजीं शंभर माणसें मेलीं. शेजाऱ्यांस गाण्याचा त्रास होऊं नये म्हणून भिंतीस स्पंज लाविला होता आणि रंगमंचावर शोभेची दारू उडविली. त्या इमारतीस चार वाटा होत्या, परंतु बहुतेक लोक ज्या दारानें आले त्याच दाराकडे धांवले. दीड-दोन मिनिटांत तें दार माणसांनींच बुजलें.

हें वाचून एखाद्या तालुक्याच्या गांवच्या नाट्यमंडळाचा चिटणीस विचारील कीं, आमच्या दोनशें खुर्च्यांच्या सभागृहास लोखंडी पडदा कोठून आणावयाचा? त्याची त्याला गरज नाहीं. लहान जागेचें शास्त्र निराळें आहे व तें स्वस्त आहे. तेथें धूर मिनिटांत भरतो, म्हणून विझविण्याच्या आधीं बाहेर पडण्याचा विचार करावा. दारें बाहेर उघडावींत. कडी-कुलुपाच्या जागीं दाबतांच सुटणारा दांडा बसवावा. दारावरचा दिवा स्वतःच्या विजेरीवर चालावा, नाहींतर मुख्य वीज जातांच व्हिएन्नाची पुनरावृत्ति व्हावयाची. भाड्यानें आणलेल्या पडद्याची व मांडवाच्या कापडाची एक चिंधी बाहेर उघड्यावर नेऊन आगकाडीनें पेटवून पाहावी; जें भडकून ठिबकत जळतें तें परत करावें. वरच्या दिव्यांस खिळ्याशिवाय दुसरी सांखळी असावी, आणि ते कापडापासून दूर असावे. विजेच्या पेटीजवळ पाण्याची बादली नको, कर्बवायूचें नळकांडें हवें. दोनशेंची जागा असतां दोनशें चाळीस तिकिटें विकूं नयेत. हा नियम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कठीणही.

प्रस्तुत लेखकानें स्नेहसंमेलनांच्या निमित्तानें पुष्कळ सभागृहें पाहिलीं आहेत. एके ठिकाणीं 'बाहेर' अशी हिरवी पाटी झळकत असलेल्या दारास कुलूप होतें. किल्ली चौकीदाराजवळ, आणि चौकीदार चहास गेलेला. व्यवस्थापकांस विचारलें तेव्हां, दार उघडें ठेवलें तर पोरें फुकट शिरतात, असें उत्तर मिळालें. सँडरलंडचें नांव त्यांनीं ऐकलें असण्याचें कारण नव्हतें.

आमच्या रंगभूमीवर तिसरी घंटा होण्याची प्रथा आहे व त्यानंतर नाटकाचें, नटांचें, संस्थेचें नांव पुकारतात. त्याच वेळीं दारें कोणत्या बाजूस आहेत हें सांगावयास पाव मिनिटही लागणार नाहीं. मात्र त्यापूर्वीं, दुसऱ्या घंटेच्या सुमारास, मंडळाच्या एका माणसानें प्रत्येक दार स्वतःच्या हातानें ढकलून पाहावें, वाटेंतल्या खुर्च्या व तारा बाजूस कराव्या आणि मग खेळ संपेपर्यंत प्रत्येक दारापाशीं नेमलेला माणूस तेथेंच उभा राहावा. त्याला नाटक नीट दिसणार नाहीं. चिटणिसानें त्याला पुढच्या प्रयोगाचें एक तिकीट द्यावें.