सूचनाफलक आणि आगंतुक जाहिराती

सोसायटीच्या पंचवीस वर्षांतल्या मोठ्या गोष्टी इतर सभासदांनी लिहिल्याच आहेत. मी लिहायला घेतला आहे तो जिन्याखालचा सूचनाफलक. विषय किरकोळ वाटेल, पण आपल्या वार्षिक सभेत पाणी आणि पार्किंगच्या खालोखाल कशावरून आवाज चढले असतील तर ते या फलकावरून.

फलक नव्हते तेव्हा दवंडी होती. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून आलेल्या जुन्या मंडळींना ती आठवत असेल. सारा भरायची मुदत, देवी टोचायला येणारे लोक, गावकीची बैठक, असा बहुतेक सर्वांच्या कामाचा मजकूर असे. तिच्यामागे वेठ होती हेही लिहिले पाहिजे. गावोगाव हे काम महार वतनदारांच्या गळ्यात मारलेले असे. २० मार्च १९२७ रोजी आपल्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, आणि पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न महाडने त्या तळ्यावर फार मोठ्या अर्थाने पाहिला आहे. त्यापुढे आमचा फलकाचा वाद म्हणजे काहीच नाही, एवढे भान ठेवून पुढे लिहितो.

दवंडी गेली आणि भोंगा लावलेली रिक्षा आली. सिनेमा, सर्कस, साड्यांचा सेल, सगळे दारावरून ओरडत जाऊ लागले. पाठोपाठ भिंती रंगल्या. दुसऱ्याची भिंत विचारल्याशिवाय रंगवणे हा गुन्हा आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. मालमत्ता विरूपणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद झाला. निदान कागदावर तरी!

फुकटात सर्वांपर्यंत पोचायचा मोह जगभर सारखाच. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरातीचा संदेश धाडला. ते जाळे तेव्हा संशोधनासाठी आणि सरकारी कामासाठी होते. लोक चिडले, त्याला तंबी मिळाली, पण म्हणतात की मालही खपला. खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे २००७ साली नको असलेले फोन थांबवण्यासाठी नोंदणी सुरू झाली, पुढे १९०९ हा क्रमांक आला. तरी दुपारी डोळा लागला की कर्ज हवे का म्हणून विचारणारा फोन येतोच. आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला!

आता आपला फलक. उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेची सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते आणि ती फलकावरही लागते. म्हणजे फलक हा सोसायटीच्या दप्तराचाच भाग. पण पहिली काही वर्षे त्याला काच नव्हती, कुलूप नव्हते. डब्याची सोय, शिकवणी, एमआयडीसीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या, पॉलिसी, सगळे तिथेच. एकदा टाकी धुण्याच्या सूचनेवर कोणीतरी गाळा भाड्याने देण्याचा कागद चिकटवला आणि सकाळी निम्म्या घरांत बादलीभर पाणी नव्हते.

डबा करणाऱ्या वहिनींचे म्हणणे मात्र चूक नव्हते. त्या सभेत म्हणाल्या, "भाऊ, मी इथेच राहते, माझी चिठ्ठी परकी कशी?" म्हणून नियम ठरला तो असा: फलकाची डावी बाजू फक्त सोसायटीची. उजवीकडे सभासदांच्या चिठ्ठ्या, सचिवांच्या सहीने, पंधरा दिवस. बाहेरच्यांना मज्जाव. आणि माझ्या आग्रहाने एक कलम वाढले, की ठेवी गोळा करणारी कोणतीही योजना लावायची नाही. १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा उगाच झालेला नाही. शेजाऱ्याने लावलेली चिठ्ठी माणूस विश्वासाने वाचतो, म्हणून ती जास्त धोक्याची.

पुढे मोबाइलवर सभासदांचा ग्रुप झाला आणि तोच खेळ पुन्हा सुरू झाला, शिवाय रोजची फुले आणि सुप्रभात. आपल्या गावी हे नुसते त्रासाचे नाही. सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर. २००५ च्या जुलैत जुई आणि दासगावच्या दरडी आपण पाहिल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गाडले गेले, पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या, बाजारपेठ पाण्यात गेली. वीज गेली, मोबाइलची रेंजही गेली. त्याआधीच्या काही तासांत पाण्याच्या पातळीचे आकडे ग्रुपवर येत होते, आणि त्यांच्यामध्ये एका पावसाळी सेलची चित्रे. तळमजल्यावरच्या एका आजोबांना ती सरकवत सरकवत खाली जाऊन आकडा शोधावा लागला. शेवटी वरच्या मजल्यावरची मुले दारोदार फिरली, कड्या वाजवल्या, आणि सामान वर नेले.

त्या वर्षीच्या सभेत ठराव झाला: १ जून ते ३० सप्टेंबर ग्रुपवर फक्त पदाधिकाऱ्यांनी लिहायचे. डब्याच्या आणि शिकवणीच्या चिठ्ठ्या तोवर फलकाच्या उजव्या बाजूला. आता त्याला काच आणि कुलूप आहे. एक किल्ली सचिवांकडे आणि दुसरी, रेंज गेली तर हाताने सूचना लावता यावी म्हणून, तळमजल्यावरच्या त्याच आजोबांकडे.