लोखंडाच्या गावात टायटॅनियम

शेक्सपियरच्या 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' या नाटकात तलवारीला 'बिल्बो' म्हटले आहे. उत्तर स्पेनमधील बिल्बाओच्या पोलादाची ख्याती एवढी, की गावाचे नावच इंग्रजीत शस्त्रवाचक झाले. अशा गावातले गुगेनहाइम संग्रहालय मात्र टायटॅनियमने मढवलेले आहे. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या प्रतिभेचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हांला अधिक बोलकी वाटते ती ही धातूंची अदलाबदल.

गेरींच्या मनात प्रथम स्टेनलेस स्टील होते. बिल्बाओच्या ढगाळ उजेडात ते निस्तेज दिसे. त्यांच्या कॅलिफोर्नियातील कार्यालयाबाहेर लावलेला टायटॅनियमचा तुकडा मात्र एका पावसाळी दिवशी सोनेरी झळकला. या धातूवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो. प्रकाश बदलला की त्याची छटाही बदलते. अडचण किमतीची होती. ती सुटली सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर. शीतयुद्धात विमाने आणि पाणबुड्या यांसाठी लागणारा हा धातू रशियाने बाजारात ओतला, भाव कोसळले आणि गेरींचे अंदाजपत्रक जुळले. एका साम्राज्याची मोडच म्हणायची ही! इमारतीची वेडीवाकडी वळणे ज्या 'कॅटिया' संगणकप्रणालीने मोजली, तीही मूळची फ्रान्सच्या दासो कंपनीची, विमानांच्या आरेखनासाठी घडवलेली. सुमारे ३३,००० पत्रे, प्रत्येकाची जाडी अवघी ०.३८ मिलिमीटर. त्यामुळे ते अगदी सपाट बसत नाहीत; उशीसारखे किंचित फुगलेले दिसतात, आणि गेरींना तेच हवे होते.

या झळाळीबद्दल लिहिताना तारखा शेजारी ठेवाव्यात, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू. अल्तोस ओर्नोस दे बिस्काया हा १९०२ सालचा पोलाद कारखाना. नेर्विओन नदीकाठी, सेस्ताओ येथील त्याची शेवटची झोतभट्टी १९९६ मध्ये विझली. संग्रहालय उघडले ऑक्टोबर १९९७ मध्ये, त्याच नदीच्या काठी, ओस पडलेल्या गोदी-गोदामांच्या जागेवर. पुढे 'बिल्बाओ परिणाम' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. त्यात पर्यटक मोजले जातात. भट्टीवरचा कामगार त्या हिशेबात कुठे बसतो, हे आम्हांला त्या लेखनात क्वचितच आढळले.

आणि त्या पातळ पत्र्यांना तोलून धरणारा सांगाडा? तो पोलादाचाच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही.