अल्यूत भाषा आणि ‘उशीर झाला’ हा आक्षेप

मरणपंथाला लागलेल्या भाषांविषयी चर्चा निघाली की एक मत आजकाल सिद्धान्तासारखे मांडले जाते. भाषा रुजते ती पाळण्यात. माओरी लोकांनी 1982 पासून बालवाड्या काढून हे सिद्ध केले, तेव्हा पैसा आणि माणसे तिकडेच लावावीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना टोपली विणायला शिकवा, नाच शिकवा, होडी बांधायला लावा. भाषेचा तास त्यांच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. अलास्काच्या अल्यूशन बेटांवरील उनांगान लोक, ज्यांना जग अल्यूत म्हणते, त्यांच्या उनांगाम तुनू या भाषेलाही हाच न्याय लावला जातो. हा पूर्वपक्ष सद्हेतूने मांडलेला असला, तरी त्याने या भाषेचे नुकसान होते.

त्याचा शास्त्रीय आधार आधी तपासू. वयात येण्याच्या सुमारास भाषा सहज आत्मसात करण्याची शक्ती ओसरते, असे एरिक लेनेबर्ग यांनी 1967 मध्ये मांडले. उच्चारांपुरते ते बरेचसे खरे आहे. अल्यूतमधले पडजिभेपाशी घासून उमटणारे वर्ण मोठेपणी जिभेवर बसायला वेळ लागतो. परंतु 1978 मध्ये कॅथरिन स्नो आणि मारियन हूफनागेल-ह्यूले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांची वयोगटानुसार तुलना केली, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि प्रौढ आघाडीवर होते. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती. हार्टशॉर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी 2018 मध्ये साडेसहा लाखांहून अधिक इंग्रजी जाणणाऱ्यांच्या उत्तरांवरून असा निष्कर्ष काढला की व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून असते. म्हणजे हायस्कूल संपेपर्यंत! दार बंद झाले असे ज्या वयाबद्दल सांगितले जाते, त्या वयात ते उघडेच असते.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. पाळण्यापाशी बोलणार कोण? माओरींकडे 1982 साली ती भाषा अस्खलित बोलणारे हजारो आजी-आजोबा होते. अल्यूत बोलणारे 2007 च्या सुमारास दीडशेच्या आसपास उरले होते, तेही बहुतेक वृद्ध आणि दूरदूरच्या बेटांवर विखुरलेले. तिथे बालवाडीचा मार्ग घ्यायचा तर आधी बोलणारे आईबाप हवेत. आणि आणखी दहा वर्षांनी जे आईबाप होतील, ते आज हायस्कूलच्या बाकावर बसले आहेत.

ही भाषा तुटली कशी, तेही पाहायला हवे. अमेरिकी शाळांनी लहान वर्गांतच ती दडपली. 1942 मध्ये युद्धामुळे नऊ गावांतील 881 लोकांना आग्नेय अलास्कातल्या छावण्यांत नेले गेले. त्यांतला सुमारे दहावा हिस्सा तिथेच संपला. अत्तू बेटावरच्या लोकांना जपान्यांनी होक्काइदोला नेले आणि त्यांचे गाव पुन्हा वसलेच नाही. शिवाय गावात हायस्कूल नसल्यामुळे पिढ्यान् पिढ्या मुले ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दूरच्या वसतिशाळांत जात राहिली. मॉली हूच खटल्यात 1976 मध्ये तडजोड झाली आणि अलास्कातल्या 126 गावांना हायस्कूल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. जी मुले या वयात घरापासून तोडली जात होती, ती आता घरी राहू लागली. अशा वेळी त्यांच्यासाठी उशीर झाला म्हणणे म्हणजे जुन्या व्यवस्थेचेच काम पुढे चालवणे.

‘ही बोली घरातली, शाळेची नव्हे’ हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. पाद्री इवान वेनियामिनोव 1824 मध्ये उनालास्काला आले. अल्यूत प्रमुख इवान पान्कोव यांच्या साहाय्याने त्यांनी सिरिलिक लिपीवर आधारलेली वर्णमाला घडवली, तिथे शाळा चालवली आणि 1833 मध्ये थेट अल्यूतमध्ये धर्मोपदेशाचे पुस्तक लिहिले. या लोकांची भाषा शाळेत नांदत होती. ती नंतर बाहेर काढली गेली.

आता ‘भाषा नको, कला पुरे’ या भूमिकेकडे वळू. या बेटांवर झाडे जवळजवळ नाहीत. होडीचा सांगाडा आणि वाफवून वाकवलेली शिकारी टोपी, दोन्ही समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाची. ॲन्ड्र्यू ग्रोनहोल्ट यांनी उतारवयात ती टोपी घडवण्याची विद्या पुन्हा उभी केली आणि तरुणांना दिली. अन्फेशिया शापस्निकॉफ यांनी समुद्रकाठच्या गवताच्या अतिशय बारीक विणीच्या टोपल्या शिकवल्या. ही कामे अमोल आहेत. पण शिकाऱ्याची नजर नुसत्या टोपीत मावत नाही, ती व्याकरणातही आहे. या भाषेत पंचवीसहून अधिक दर्शके आहेत: दाखवलेली गोष्ट वर आहे की खाली, आत की बाहेर, दिसते की आड आहे, एका जागी आहे की लांबवर पसरली आहे, हे बोलणाऱ्याला ठरवावेच लागते. होडी बांधता बांधता हे शिकवले तर ते पटकन् मुरते. इंग्रजीत बांधलेल्या होडीतून ते गळून जाते.

शिवाय मोठ्या मुलांना जमते ते बालवाडीला जमणारे नाही. वाल्डेमार योखेलसन यांनी 1909-10 मध्ये टिपलेल्या कथा क्नूट बेर्ग्सलांड आणि आत्काचे मोझेस डर्क्स यांनी 1990 मध्ये संपादित करून छापल्या. 1994 मध्ये बेर्ग्सलांडांचा कोश आला. या कथा वाचायच्या तर धातूंची रूपे उलगडावी लागतात, कोश चाळावा लागतो. सोळा वर्षांचा मुलगा ते करू शकतो, आणि अर्थ अडला तर आजीला जाऊन विचारूही शकतो. उनालास्काच्या हायस्कूलमध्ये रे हडसन यांच्या विद्यार्थ्यांनी 1970 च्या दशकातच वडीलधाऱ्यांच्या आठवणी गोळा करून ‘कटलफिश’ नावाच्या अंकांतून छापल्या होत्या. ते काम पोरांनी केले होते, हे विसरून चालणार नाही.

आठवड्यातल्या चार-पाच तासिकांनी कोणी अस्खलित होत नाही, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. तिचा उपाय तासिका वाढवणे हा आहे: स्पॅनिशइतकेच पदवीला धरले जाणारे गुण, चारही वर्षे सलग वर्ग, उन्हाळ्याची शिबिरे, आणि बोलणाऱ्या वृद्धांना पाहुणे म्हणून न बोलावता शिक्षक म्हणून रीतसर पगार.